पालकांची सही आणि न्यायाधीशाची परवानगी: जर्मनीतील दिव्यांग मुलांच्या स्वातंत्र्याचा कायदेशीर इतिहास

जर्मनीच्या नागरी संहितेतील कलम १६३१ब ला १ ऑक्टोबर २०१७ रोजी एक नवे पोटकलम जोडले गेले. रुग्णालयात, निवासी संस्थेत किंवा तत्सम ठिकाणी राहणाऱ्या मुलाचे स्वातंत्र्य यांत्रिक साधनाने, औषधाने अथवा अन्य रीतीने, दीर्घकाळ किंवा नियमितपणे आणि त्याच्या वयाला न साजेशा पद्धतीने हिरावून घ्यायचे असेल, तर त्यासाठी कुटुंब न्यायालयाची परवानगी लागते, आई-वडिलांची संमती तेवढी पुरत नाही, असा त्याचा आशय आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेतील या वाक्याचा संबंध अगदी साध्या वस्तूंशी येतो: पलंगाला जोडलेला पोटपट्टा, उंच कठड्यांची खाट, मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर बसवलेली दाराची मूठ, चाकाच्या खुर्चीला समोरून अडकवलेले टेबल आणि रात्र शांत जावी म्हणून दिलेली गुंगीची गोळी. संस्थेत राहणाऱ्या प्रौढांना अशा उपायांविरुद्ध न्यायालयीन संरक्षण १९९२ पासूनच मिळत होते. मुलांना ते मिळायला आणखी पंचवीस वर्षे गेली. मानवी हक्कांच्या बाबतीत एरवी काटेकोर असलेल्या कायदेव्यवस्थेत हा विलंब का झाला, याचे उत्तर निव्वळ दुर्लक्षात सापडत नाही. जर्मनीच्या इतिहासात पालकांचा अधिकार हा मुलावर चालणाऱ्या सत्तेचा एक प्रकार होता आणि त्याच वेळी राज्यसंस्थेच्या हातून मुलाला वाचवणारी ढालही होता. एकाच अधिकाराची ही दोन रूपे वेगळी करणे कायद्याला फार काळ जमले नाही, आणि त्याची किंमत मुख्यत्वे संस्थांमध्ये राहणाऱ्या दिव्यांग मुलांनी मोजली.

प्रशियाच्या १७९४ च्या सर्वसाधारण भूमिसंहितेने मुलाला वळण लावण्यासाठी त्याच्या आरोग्याला अपाय न करणारी सर्व सक्तीची साधने वापरण्याची मुभा आई-वडिलांना दिली होती. त्याच संहितेने वेडसर आणि मंदबुद्धी व्यक्तींचे पालकत्व राज्याने घ्यावे असेही सांगितले, पण ज्या व्यक्ती पित्याच्या किंवा पतीच्या देखरेखीखाली नाहीत त्यांच्यापुरतेच. ज्याच्या डोक्यावर बाप आहे त्याच्याकडे राज्याने पाहण्याचे कारण नाही, ही धारणा त्यामागे होती, आणि पुढची दोन शतके ती वेगवेगळ्या वेशांत परत परत समोर येते. एकीकृत जर्मनीची नागरी संहिता १ जानेवारी १९०० रोजी अमलात आली तेव्हा तिने ‘पालकसत्ता’ या नावाने जो अधिकार मांडला तो प्रत्यक्षात पित्याचा अधिकार होता. मुलाचे संगोपन करणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे आणि त्याने कोठे राहावे हे ठरवणे ही तिन्ही कामे त्यात येत; आईला मुलाची काळजी घेण्याचा हक्क होता, पण मतभेद झाल्यास पित्याचे मत अंतिम ठरे. शिस्तीसाठी ‘योग्य ती शिक्षासाधने’ वापरण्याचा हक्क पित्याला होताच, शिवाय त्याने अर्ज केल्यास पालकत्व न्यायालयाने स्वतःच्या साधनांनी त्याला हातभार लावावा, असे कलम १६३१ मध्ये लिहिलेले होते. म्हणजे पालकाच्या हाताला आवर घालणारी संस्था म्हणून आज ज्या न्यायालयाकडे पाहिले जाते, ते न्यायालय १९०० साली त्या हाताला बळ देण्यासाठी उभे होते.

या सत्तेची दुसरी बाजू मात्र त्याआधीच दिसून आली होती. हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयातील शल्यविशारदाने सात वर्षांच्या बालकाचे क्षयाने पोखरलेले पाऊल कापून टाकले. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होती आणि यशस्वीही झाली, परंतु निसर्गोपचारावर विश्वास असलेल्या पित्याने तिला विरोध केला होता. सर्वोच्च पातळीवरील राइश न्यायालयाने ३१ मे १८९४ रोजी दिलेल्या निकालात असे ठरवले की रुग्णाची, किंवा तो अजाण असल्यास त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची, संमती नसताना केलेला वैद्यकीय उपचार हा शारीरिक इजेच्या गुन्ह्यात मोडू शकतो. संमतीविषयीचे संपूर्ण जर्मन वैद्यकीय कायदेशास्त्र या निकालापासून सुरू होते. बापाचे मत चुकीचे होते असे आज वाचणाऱ्याला वाटेल, तरीही कितीही विद्वान डॉक्टर असला तरी दुसऱ्याच्या मुलाच्या शरीरावर त्याची सत्ता चालत नाही हे तत्त्व त्या चुकीच्या मतामुळेच प्रस्थापित झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिव्यांग मुले घराबाहेर पडून संस्थांमध्ये जाऊ लागली. बीलेफेल्डजवळ अपस्माराच्या रुग्णांसाठी १८६७ साली सुरू झालेली आणि १८७२ पासून पाद्री फ्रीडरिश फॉन बोडेलश्विंग यांच्या नेतृत्वाखाली वाढत गेलेली बेटेल ही वसाहत त्या काळातील ख्रिस्ती सेवाकार्याचे प्रातिनिधिक उदाहरण होय. प्रशियाने ११ जुलै १८९१ च्या कायद्याने गरजू मनोरुग्ण, मंदबुद्धी, अपस्मारग्रस्त, मूकबधिर आणि अंध व्यक्तींना संस्थेत ठेवण्याचा खर्च प्रांतिक दारिद्र्यनिवारण मंडळांवर टाकला आणि मग अशा संस्था भराभर वाढल्या. गरीब कुटुंबाला मदत मिळायची ती मुलाच्या घरी राहण्यासाठी मिळत नसे, मुलाला घराबाहेर पाठवण्यासाठी मिळे. तेव्हा पित्याचा ‘निवास ठरवण्याचा अधिकार’ कागदावर अबाधित असला तरी व्यवहारात तो पैशाच्या वाटेने आधीच ठरून गेलेला असे. मूल आत गेले की घरचा अधिकार संस्थाप्रमुखाच्या हाती येई. कायद्याने तो दिलेला नव्हता. प्रवेशाच्या वेळी पालकाने जी सही केली तिच्यातच पुढच्या प्रत्येक गोष्टीची संमती धरली जाई.

राष्ट्रीय समाजवादी (नाझी) राजवटीने ही चौकट मुळापासून उलटवली. १४ जुलै १९३३ रोजी संमत झालेल्या आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झालेल्या आनुवंशिक रोगप्रतिबंधक कायद्याने ‘जन्मजात मतिमंदत्व’ धरून अनेक अवस्थांसाठी सक्तीचे निर्बीजीकरण आणले. अर्ज करण्याचा अधिकार सरकारी वैद्याला आणि संस्थाप्रमुखालाही होता, निर्णय ‘आनुवंशिक आरोग्य न्यायालय’ या खास न्यायालयाकडे होता आणि निकाल अंतिम झाल्यावर पोलिसी बळाने शस्त्रक्रिया करता येत असे. सुमारे चार लाख माणसांवर ती झाली. न्यायालयाचे नाव, सुनावणी, अपील, शिक्का हे सर्व येथे रीतसर होते, ही गोष्ट ‘न्यायाधीशाची परवानगी’ हाच पुरेसा उपाय मानणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारी आहे.

त्यानंतर आलेल्या बालहत्येत तर न्यायालयालाही स्थान उरले नाही. १८ ऑगस्ट १९३९ च्या गोपनीय परिपत्रकाने सुइणींना आणि डॉक्टरांना ठरावीक व्यंगे असलेली नवजात व लहान मुले कळवण्याचे बंधन घातले. आलेल्या नोंदींवरून बर्लिनमधील एक ‘राइश समिती’ मुलाला न पाहताच निर्णय घेई. आणि मुलाला ज्या वॉर्डात हलवले जाई त्याला ‘विशेष बालविभाग’ असे निरुपद्रवी नाव होते. ब्रांडेनबुर्गजवळच्या ग्योर्डेन येथे पहिला असा विभाग उघडला आणि पुढे सुमारे तीस झाले. किमान पाच हजार मुले त्यांत औषधांच्या वाढीव मात्रा देऊन आणि उपाशी ठेवून मारण्यात आली. या यंत्रणेला पालकांची संमती हवी होती, ही त्यातील विलक्षण बाब आहे. मुलावर नवीन उपचार होणार आहेत असे सांगून ती मिळवली जाई, आणि जे पालक मुलाला सोडायला तयार नसत त्यांच्यावर दडपण आणले जाई. मुलाचा ताबा काढून घेण्याचा विचार करावा लागेल अशी धमकी १९४१ सालच्या सप्टेंबरातील गृहमंत्रालयाच्या परिपत्रकानेच अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती. काही मातांना सक्तीच्या कामावर पाठवण्यात आले, म्हणजे मूल घरी सांभाळणे आपोआप अशक्य व्हावे. ज्यांनी तरीही मूल दिले नाही त्यांची काही मुले वाचली. पालकांचा अधिकार ही मारेकऱ्यांच्या वाटेतील खरी अडचण ठरली होती.

१९४९ सालचा ‘मूलभूत कायदा’, म्हणजे संघराज्य जर्मनीची राज्यघटना, ही आठवण ताजी असताना लिहिला गेला. त्यातील अनुच्छेद ६ नुसार मुलांचे संगोपन आणि शिक्षण हा आई-वडिलांचा नैसर्गिक हक्क आणि प्रथम त्यांच्यावरच येणारे कर्तव्य आहे, आणि ते कसे पार पाडले जाते यावर राज्यसंस्था लक्ष ठेवते. दुसऱ्या बाजूला अनुच्छेद २ ने व्यक्तीचे स्वातंत्र्य अनुल्लंघनीय ठरवले आणि अनुच्छेद १०४ ने स्वातंत्र्य हिरावण्याचा निर्णय फक्त न्यायाधीशच घेऊ शकतो असे सांगितले. दोन्ही तरतुदी एकाच दुःस्वप्नातून आलेल्या होत्या, परंतु त्या एकमेकींना कोठे छेदतात याचा विचार घटनाकारांनी केला नव्हता: आई-वडिलांनीच मुलाला कुलूपबंद संस्थेत ठेवायचे ठरवले तर तो संगोपनाचा हक्क समजायचा की स्वातंत्र्यहरण?

या प्रश्नाच्या निम्म्या भागाला संघीय घटना न्यायालयाने १० फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर दिले. न्यायालयाने नेमलेला पालक आपल्या प्रौढ पाल्याला बंद संस्थेत ठेवत असेल तर तो सार्वजनिक कर्तव्य बजावत असतो, म्हणून त्यालाही अनुच्छेद १०४ लागू होतो आणि न्यायाधीशाचा निर्णय आवश्यक ठरतो, असा तो निकाल होता. संसदेने पुढच्याच वर्षी नागरी संहितेत दुरुस्ती करून नेमलेल्या पालकांना परवानगी बंधनकारक केली. आई-वडील त्यातून सुटले, कारण त्यांचा अधिकार राज्याने दिलेला नव्हता, ‘नैसर्गिक’ होता. एकाच संस्थेच्या एकाच खोलीत दोन मुले असतील तर अनाथ मुलाच्या नेमलेल्या पालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागे आणि आई-वडील असलेल्या मुलाच्या बाबतीत एक सही पुरे होई. या विसंगतीची त्या काळात फारशी चर्चा झाली नाही. ज्या पिढीने राज्याला मुलांपर्यंत पोहोचताना पाहिले होते, तिला राज्याच्या न्यायाधीशापेक्षा आई अधिक विश्वासाची वाटली, यात नवल नाही.

त्या विश्वासाखाली संस्थांच्या भिंतींआड काय चालले होते हे उजेडात यायला मात्र अर्धशतक लागले. ऱ्हूर नदीकाठच्या फोलमारस्टाइन येथील योहाना-हेलेनेन-हाइम या शारीरिक दिव्यांग मुलांच्या इव्हँजेलिकल संस्थेचा १९४७ ते १९६७ हा काळ हान्स-वाल्टर श्मूल आणि उलरिके विंकलर या इतिहासकारांनी तपासला आणि त्यांचा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, कोंडून ठेवणे, जबरदस्तीने भरवणे आणि अपमान हा तेथील दिनक्रमाचाच भाग असल्याचे त्यातून दिसते. कायद्याच्या नजरेत हे सर्व ‘संगोपन’ या शब्दाखाली झाकले गेले होते. १९७५ साली संसदेपुढे आलेल्या मनोरुग्णसेवांच्या चौकशी अहवालाने मनोरुग्णालयांतील अमानुष परिस्थितीकडे लक्ष वेधले तेव्हा बौद्धिक दिव्यांग व्यक्ती त्या इमारतींत मोठ्या संख्येने वर्षानुवर्षे पडून असल्याचेही पुढे आले. पूर्व जर्मनीत न्यायालयीन नियंत्रणाचा धागा वेगळा होता. तेथे ११ जून १९६८ च्या कायद्याने मनोरुग्णांना दाखल करण्याचे नियमन केले, पण मुलांच्या संस्थांवर बाहेरच्या नजरेला वाव जवळजवळ नव्हता. या सर्व संस्थांतील पीडितांसाठी संघ, राज्ये आणि चर्च यांनी मिळून २०१७ साली ‘मान्यता आणि मदत’ हे प्रतिष्ठान स्थापन केले. पश्चिमेत १९४९ ते १९७५ आणि पूर्वेत १९४९ ते १९९० या काळात दिव्यांगांच्या संस्थांत किंवा मनोरुग्णालयांत मूल म्हणून अन्याय सोसलेल्यांना त्यातून एकरकमी ९,००० युरो देण्यात आले. सर्वसाधारण अनाथाश्रमांतील आणि सुधारगृहांतील मुलांसाठीची तशी सोय आधीच झाली होती. दिव्यांगांचा क्रम येथेही मागाहून लागला.

मुलाला संस्थेत न पाठवता घरी ठेवू इच्छिणाऱ्या पालकांची चळवळ दरम्यान उभी राहिली होती. टॉम मुटर्स या डच शिक्षकाने निर्वासितांच्या कामानिमित्त हेसन प्रांतातील गोडेलाउ येथील मनोरुग्णालयात ठेवलेली मुले पाहिली आणि २३ नोव्हेंबर १९५८ रोजी मारबुर्ग येथे पालकांना व तज्ज्ञांना एकत्र आणून ‘लेबेन्सहिल्फे’ ही संघटना स्थापन केली. बालवाड्या, शाळा आणि कार्यशाळा घराजवळ असाव्यात ही तिची मागणी होती. पुण्या-मुंबईत पालकांनीच उभ्या केलेल्या विशेष शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही प्रेरणा ओळखीची वाटेल. मात्र या चळवळीने पालकांचा शब्द अधिक वजनदार केला आणि त्यामुळे पालकाचे हित व मुलाचे हित यांत अंतर असू शकते हा विचार आणखी काही काळ अडगळीत राहिला, हेही नोंदवायला हवे.

ते अंतर कायद्याने प्रथम स्पष्टपणे मान्य केले १९७९ साली. मूल हे स्वतःची मानवी प्रतिष्ठा आणि व्यक्तिमत्त्वविकासाचा स्वतंत्र हक्क असलेली व्यक्ती आहे, असे घटना न्यायालयाने १९६८ मध्ये दत्तकविधानासंबंधीच्या एका निकालात म्हटले होतेच. १९७९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९८० पासून लागू झालेल्या सुधारणेने ‘पालकसत्ता’ हा शब्द संहितेतून काढून त्या जागी ‘पालकांनी घ्यावयाची काळजी’ असा शब्द घातला, अपमानकारक शिक्षा निषिद्ध केल्या आणि कलम १६३१ब नव्याने घातले: स्वातंत्र्य हिरावून मुलाला कोठे ठेवायचे असेल तर आई-वडिलांनाही न्यायालयाची परवानगी लागेल, दिरंगाईत धोका असेल तरच आधी ठेवता येईल, पण मग परवानगी ताबडतोब मागावी लागेल. या रचनेतील एक बारकावा समजून घेण्याजोगा आहे. न्यायालय येथे मुलाला कोंडण्याचा आदेश देत नाही. निर्णय आई-वडिलांचाच राहतो, न्यायालय त्या निर्णयाला फक्त संमती देते किंवा नाकारते, आणि आई-वडिलांना मुलाला परत आणायचे असेल तर परवानगीची मुदत शिल्लक असूनही ते आणू शकतात. दाराला दोन किल्ल्या आहेत आणि दोन्ही फिरल्याशिवाय ते बंद होत नाही, अशी ही योजना होती. राज्याच्या अतिरेकाची आणि पालकांच्या अतिरेकाची अशा दोन्ही भीतींना तिने एकाच वेळी उत्तर दिले, आणि म्हणूनच पुढच्या सर्व बदलांत ती टिकून राहिली.

युरोपात सर्वांनी हा मार्ग धरला नाही. डेन्मार्कमधील बारा वर्षांच्या एका मुलाला आईच्या इच्छेवरून बालमनोरुग्ण विभागात काही महिने ठेवण्यात आले होते. त्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ नोव्हेंबर १९८८ रोजी नऊ विरुद्ध सात मतांनी असे ठरवले की तो आईच्या पालकत्वाच्या जबाबदार वापराचा भाग होता, स्वातंत्र्यहरण नव्हते. तेच न्यायालय २००५ साली जर्मनीविरुद्धच्या एका खटल्यात वेगळ्या सुरात बोलले. ब्रेमेनमधील खासगी दवाखान्यात पित्याच्या सांगण्यावरून १९७७ ते १९७९ या काळात एका तरुणीला कुलूपबंद ठेवले गेले होते; ती त्या वेळी सज्ञान होती आणि न्यायालयीन आदेश कोणताच नव्हता. पळून गेलेल्या त्या तरुणीला पोलिसांनी परत दवाखान्यात आणून सोडले होते. खासगी संस्थांवर देखरेख ठेवणे हे राज्याचे कर्तव्य असून जर्मनीने ते पाळले नाही, असा निर्वाळा मिळाला. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरही बापाचा शब्द संस्थेला पुरेसा वाटत होता, एवढी त्या सहीची सवय खोल गेलेली होती.

१ जानेवारी १९९२ रोजी लागू झालेल्या ‘साहाय्यकत्व कायद्या’ने सज्ञान व्यक्तींना निर्णयहीन ठरवण्याची जुनी पद्धत रद्द केली आणि त्यांच्या मदतीला न्यायालयाने नेमलेला कायदेशीर साहाय्यक दिला. त्याने नागरी संहितेत घातलेल्या कलम १९०६ मध्ये प्रथमच असे लिहिले गेले की कुलूप नसलेल्या संस्थेतही पट्ट्याने बांधणे किंवा औषधाने गुंगवणे हे दीर्घकाळ अथवा नियमित असेल तर परवानगीशिवाय करता येणार नाही. मुलांसाठी तशी तरतूद केली गेली नाही. मात्र त्याच सुधारणेने कलम १६३१क घातले: अल्पवयीन मुलाच्या निर्बीजीकरणाला आई-वडील संमती देऊ शकत नाहीत, मूल स्वतःही देऊ शकत नाही, आणि न्यायालयाची परवानगी हा पर्यायच येथे ठेवलेला नाही. १९३४ च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या आठवणीने येथे कायद्याला निःसंदिग्ध बोलायला लावले. महाराष्ट्रातील वाचकाला याचा संदर्भ दूरचा वाटू नये. शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण पुढे करण्यात आले होते आणि स्त्रीसंघटनांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले होते. या मुलींच्या वतीने संमती द्यायचा अधिकार मुळात कोणाला आहे, हा जर्मन कायद्याने दोनच वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न त्या वादातही केंद्रस्थानी होता.

पट्टे आणि गोळ्यांबाबतची पोकळी तशीच राहिली, आणि ती पोकळी आहे की जाणीवपूर्वक सोडलेली जागा, याचा निर्णय ७ ऑगस्ट २०१३ रोजी संघीय सर्वोच्च न्यायालयाने केला. कुलूप नसलेल्या एका उपचारशिक्षण संस्थेत राहणाऱ्या स्वमग्न मुलाला रात्रीच्या वेळी पलंगावर पट्ट्याने बांधून ठेवण्यासाठी परवानगी मागण्यात आली होती. न्यायालयाने ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. अशा परवानगीची कायद्यात तरतूदच नाही, असे ते म्हणाले. कलम १६३१ब फक्त बंद ठिकाणी ठेवण्याविषयी बोलते. प्रौढांचे कलम मुलांना सादृश्याने लावायचे तर विधिमंडळाचा अनवधानाने राहिलेला दोष दाखवावा लागेल, आणि तो दिसत नाही. साहाय्यकाचा अधिकार न्यायालयाकडून येतो, आई-वडिलांचा राज्यघटनेच्या अनुच्छेद ६ मधून येतो, तेव्हा दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. आणि मुलाच्या हिताला खरोखर धोका झाल्यास कलम १६६६ नुसार न्यायालय हस्तक्षेप करू शकतेच. तर्कशास्त्र म्हणून हा युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु कलम १६६६ धोका दिसल्यावर जागे होते, आणि बोलता न येणाऱ्या मुलाच्या रात्रीच्या खोलीत तो कोणाला दिसणार, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय आई-वडिलांची संमती ही खुली निवड असते असे न्यायालयाने गृहीत धरले. अतितीव्र गरजा असलेल्या मुलाला घेणाऱ्या संस्था कमी, प्रतीक्षायादी लांब, आणि पट्ट्याला नकार दिल्यास जागा जाण्याची भीती. या स्थितीत प्रवेशअर्जासोबत समोर ठेवलेल्या संमतिपत्रावर सही न करणारे पालक विरळाच.

एप्रिल २०१६ मध्ये बायरिशर रुंडफुंक या बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेने तेथील दिव्यांग मुलांच्या निवासी संस्थांत मुलांना खोल्यांत कोंडले जाते, पलंगाला बांधले जाते अशी वृत्ते दिली, राज्य सरकारने चौकशी सुरू केली आणि प्रश्न बर्लिनला पोहोचला. १७ जुलै २०१७ च्या कायद्याने कलम १६३१ब चे दुसरे पोटकलम आले. त्यातील ‘वयाला न साजेशा पद्धतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दीड वर्षाच्या बाळाची कठड्याची खाट किंवा उंच खुर्चीचा पट्टा यांसाठी कोणी न्यायालयात जाणे अपेक्षित नाही. तोच कठडा बारा वर्षांच्या मुलाभोवती असेल तर मात्र प्रश्न सुरू होतो. अर्ज आल्यावर न्यायाधीशाने मुलाला प्रत्यक्ष भेटायचे असते, त्याच्यासाठी आई-वडिलांपासून स्वतंत्र असा प्रक्रिया-साहाय्यक नेमायचा असतो, युवक कल्याण कार्यालयाचे म्हणणे ऐकायचे असते आणि वैद्यकीय दाखला पाहायचा असतो. चौदा वर्षे पूर्ण झालेले मूल या कामकाजात स्वतः पक्षकार म्हणून उभे राहू शकते, मग त्याची बौद्धिक क्षमता काहीही असो. परवानगी सहा महिन्यांपुरती असते आणि गरज दीर्घकाळ राहणार हे उघड असेल तर जास्तीत जास्त एका वर्षापुरती. शब्दांत उत्तर न देणाऱ्या मुलाला ‘ऐकणे’ म्हणजे काय, हा यातील सर्वांत अवघड भाग आहे. न्यायाधीशाने कचेरीत बसून कागद वाचण्याऐवजी मुलाच्या खोलीत जाऊन तो पट्टा, ती खाट आणि त्या खाटेवरचे मूल पाहावे, एवढे तरी त्यातून साधते. आणि अनेकदा पर्यायाची विचारणा, उदाहरणार्थ जमिनीलगतचा पलंग, दाराला सूचना देणारी घंटा किंवा रात्रपाळीला आणखी एक माणूस, त्या भेटीतच सुरू होते. रात्रपाळीच्या माणसाचा खर्च कोणी उचलायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र कुटुंब न्यायालयाला नाही, तो वेगळ्या सामाजिक कायद्याचा विषय आहे.

मुलांच्या या तरतुदीपाठोपाठ संघीय घटना न्यायालयाने २४ जुलै २०१८ रोजी मनोरुग्णालयांतील प्रौढांच्या संदर्भात असे ठरवले की हात, पाय आणि कंबर पलंगाला जखडण्याचा प्रकार अर्ध्या तासाहून अधिक चालणार असेल तर आधीच्या बंदिवासाच्या आदेशावर भागत नाही, त्यासाठी न्यायाधीशाचा स्वतंत्र निर्णय हवा. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही अल्पवयीनांना दाखल करण्यावर दोन स्वतंत्र तज्ज्ञ तपासण्या आणि त्या कायद्याखालील पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवणे अशी बंधने घातली आहेत, पण ‘मानसिक आजार’ या संज्ञेतून त्याने बौद्धिक दिव्यांगत्व वगळले आहे. परिणामी निवासी शाळेतील बौद्धिक दिव्यांग मुलाला त्या कायद्याचे हे कवच मिळत नाही.

जर्मन कायद्यातही एक उंबरठा अजून ओलांडलेला नाही. नवे पोटकलम रुग्णालय, निवासी संस्था आणि तत्सम ठिकाणांपुरतेच आहे. आई-वडिलांच्या घरात तेच मूल, तोच पट्टा आणि तीच रात्र असली तरी परवानगीची गरज नाही, आणि शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत कायदा शुक्रवारी संध्याकाळी मागे राहतो व सोमवारी सकाळी पुन्हा सोबत येतो. घराला सूट देण्यामागे अनुच्छेद ६ ची तीच जुनी भिंत आहे आणि चोवीस तास एकट्याने मूल सांभाळणाऱ्या आईला दर सहा महिन्यांनी न्यायालयात बोलावण्याविषयीचा रास्त संकोचही आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की मात्र त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा पालकांचा जन्मसिद्ध अधिकार एका दिवसात संपतो. त्यानंतर आईला आपल्याच मुलाची साहाय्यक म्हणून न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि संस्थेतील पट्ट्यासाठी २०२३ पासून कलम १८३१ या नव्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीखाली नव्याने अर्ज करावा लागतो.